आमच्या घरी लिनक्स टाकलं त्याची हकीकत

दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर आलेल्या असताना आमच्या घरच्या कॉम्प्युटरला अपात्र ठरवण्यात आलं.

शब्द माझा नाही, पडद्यावरचा आहे. शाळेत जाण्याआधी नववीच्या भूगोलाचा पेपर टाइप करायला बसलो, तर समोर पाटी झळकली : या सिस्टीमची मुदत संपली असून नव्या आवृत्तीसाठी हा संगणक अपात्र आहे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ज्या वस्तूवर माझ्या बायकोनं स्वतः शिवलेलं, कडेला मोती लावलेलं झाकण असतं, जिच्या कीबोर्डवर आम्ही पाहुण्यांच्या पोरांना कधी बोट ठेवू दिलं नाही, ती वस्तू अपात्र! अहो, मुलगी पाहायला आलेले लोकसुद्धा तोंडावर असं म्हणत नाहीत. पत्रिका जुळत नाही म्हणतात, चहा पितात आणि जातात.

"काहून असे डोये वटारून बसले जी?" ज्योत्सनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, स्वयंपाकघरातून विचारलं.

"कॉम्प्युटर म्हातारा झाला म्हणते. आता धोका आहे म्हणते."

"म्हातारं तं या घरात सगळंच झालं. चालून राहिला ना?"

"चालून राहिला."

"मंग नका लावू हात. माझं नाटक आहे त्यात."

हे नाटक काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. ज्योत्सनाचं माहेर आसगावचं, आमच्या पवनीपासून जवळच. दिवाळीनंतर तिथं मंडई भरते. म्हणजे पाळणे, जिलेबी, पाहुणे आणि नाटक. नाटक नसेल तर त्याला झाडीपट्टीत कुणी मंडई म्हणत नाही. आजवर स्टेजवर बाहेरून बोलावलेली कंपनी किंवा गावातले पुरुष. यंदा बचत गटाच्या बायांनी हट्ट धरला, की दुपारची वेळ आमची. मंडईच्या कमिटीचा अध्यक्ष माझा साळा, केवळराम. त्यानं बहिणीच्या भिडेनं हो म्हटलं, पण सोबत दमही भरला : "ताई, मंडईच्या आठवडाभर आधी नाटक बायांच्या हाती पायजे. नाही तं दुपारची वेळ मी दंडारीच्या नाचवाल्यांले देऊन टाकतो. मंग मले बोल लावू नको."

ज्योत्सनानं लग्नाआधी मराठी टायपिंगची परीक्षा पास केलेली आहे. तिची बोटं त्या जुन्या फॉन्टवर अशी पळतात, की माझ्यासारख्या एका बोटानं टाइप करणाऱ्या माणसानं त्या वेळी खोलीत थांबू नये. नाटकाचे तीन अंक तिनं थेट कॉम्प्युटरवरच लिहिले होते. शेवटचा प्रवेश तेवढा राहिला होता.

तरीही अपात्र हा शब्द मला काही गिळवेना. मी आमच्या रिताला फोन केला. रिता आमची मुलगी, पुण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरवरच काम करते.

"बाबा, त्यात काय एवढं? लिनक्स टाका. जुन्या मशीनवर मस्त चालतं. आणि फुकट आहे."

सगळा घोळ या शेवटच्या शब्दानं केला.

संध्याकाळी फाटकाशी आमचे शेजारी खेमराजजी उभे होते. खेमराजजी वीज खात्यातून निवृत्त झालेत. आयुष्यभर लोकांची लाइन कापल्यामुळे त्यांना कोणत्याही गोष्टीत आधी धोका दिसतो. मी सहज म्हटलं, घरच्या कॉम्प्युटरला फुकटातली सिस्टीम टाकावी असं चाललंय.

"फुकट?" ते अंगणातच बसले. "कोणाची योजना आहे?"

"योजना नाही हो. जगभरचे लोक मिळून बनवतात आणि वाटतात."

"आणि घेत काहीच नाही?"

"काहीच नाही."

"सर, तुमी सज्जन माणूस आहा म्हणून सांगतो. तुमसरले माझा जवाई आहे, राइस मिलमधी मॅनेजर. त्याले असंच कोणीतरी फुकट मोबाइल कव्हर देल्लं. आता दररोज फोन येते. लोन घ्या म्हणते, फ्लॅट घ्या म्हणते, एक बाई तं लग्न करा म्हणते. त्याच्या घरी भांडण लागलं."

कव्हरचा आणि फोनचा काय संबंध हे मी विचारणार होतो, पण खेमराजजी उठलेही होते. अशा वेळी ते घाईत असतात. पूर्ण ऐकून घेतलं तर पुढं सांगायला चव राहत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक आहे.

परिणाम दुसऱ्या दिवशी दिसला. वाण्याच्या दुकानात मला "सर, कॉम्प्युटर केव्हा येऊन राहिले?" असं विचारण्यात आलं. तिसऱ्या दिवशी आसगावहून केवळरामचा फोन. "भाऊजी, फुकट कॉम्प्युटरची योजना आली अन् तुमी घरच्या माणसाले सांगतलं नाही! माझ्या पोराचं नाव पहिल्या यादीत टाका." मी त्याला समजावलं, की कॉम्प्युटर नाही, सिस्टीम. यंत्र नव्हे, यंत्राच्या आतला कारभार. त्यानं ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ठीक आहे भाऊजी. सांगाचं नसंन तं नका सांगू."

त्या रविवारी आमच्या अंगणात आधार कार्डाच्या झेरॉक्स घेतलेली माणसं बसली होती. मी खुर्चीवर उभा राहून, अगदी वर्गात सांगतो तसं, सगळं समजावून दिलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. कुणीही उठलं नाही. सरकारी माणूस आधी नाहीच म्हणतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोसीखुर्दच्या धरणात गाव गेल्यामुळे नव्या वसाहतीत राहायला गेलेली शकुनबाई पिशवीत ताजे झिंगे घेऊन आली होती. ती म्हणाली, "गुरुजी, फुकटचं मी काही मांगत नाही. हे ठेवा. नातनीले एक कॉम्प्युटर द्या, लहानसा असला तरी चालते."

झिंगे परत न्यायला ती तयार होईना. त्या दुपारी आम्ही झिंग्यांची भाजी खाल्ली, आणि माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. भाजी मात्र उत्तम झाली होती, हे सत्य म्हणून नोंदवतो. दोन वेळा वाढून घेतली.

सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. वरच्या कार्यालयातून फोन आला होता : आपल्या शाळेमार्फत संगणकवाटप चालू असल्याचं समजतं, लाभार्थ्यांची माहिती पाठवावी. "वाटप नसेल तर निरंक म्हणून कळवतो," मुख्याध्यापक म्हणाले, "पण निरंक कळवायलाही आधी योजनेचं नाव लागतं. काय नाव आहे?"

"योजनाच नाही साहेब."

"तेच निरंक. पण कशात निरंक?"

शेवटी मी त्यांना पानभर लेखी खुलासा दिला. सुरुवात साधी होती, पण लिहिता लिहिता माझ्यातला शिक्षक जागा झाला. ज्ञान वाटल्यानं वाढतं, मुक्त प्रणाली म्हणजे वैनगंगेचं पाणी, कुणीही ओंजळ भरावी, असं बरंच काही उतरलं. मुख्याध्यापकांनी ते स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. विज्ञानाच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "सर, तुम्ही स्वतः वापरता हे?"

"अर्थात," मी म्हणालो.

इतके दिवस टाकू की नको करत होतो, त्याचा निर्णय असा एका शब्दात झाला. लोक म्हणतात निर्णय विचारानं घ्यावेत. माझे आयुष्यातले बहुतेक निर्णय चारचौघांत तोंडातून निघून गेलेले आहेत.

घरी येताना बसस्टँडसमोरच्या प्रीतमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात थांबलो. तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, "सर, टाकाचं असंन तं टाका. फक्त बिघडलं तं माझ्याकडं आणू नका. मले ते येत नाही, अन् दुकानात माझी इज्जत आहे."

मी घाई मुळीच केली नाही, हे इथं स्पष्ट करतो. रितानं फोनवर सांगितलं तसं ज्योत्सनाचं नाटक, माझे पेपर, रिताच्या लहानपणचे फोटो, सगळं आधी पेनड्राइव्हवर घेतलं. दोनदा तपासलं. ज्योत्सना दिवाळीच्या चकल्या तळत होती. तिला मी म्हटलं, "थोडी साफसफाई करतो कॉम्प्युटरची." दिवाळी होती, त्यामुळे वाक्य खपून गेलं.

आणि काय सांगू, लिनक्स पहिल्याच फटक्यात बसलं! झुळझुळीत पडदा, डोंगराचं चित्र, कुठं धमकीची पाटी नाही. कॉम्प्युटर चालू व्हायला पूर्वी माझी पूजा आटपायची, आता उदबत्ती पेटायच्या आत तो तयार. मी रिताला फोन करून सांगितलं, "फर्स्टक्लास झालं. तुझ्या बापाला कमी समजू नको." खेमराजजींना मुद्दाम बोलावून खुर्ची दिली. त्यांनी पडद्याकडं लांबूनच पाहिलं आणि खिशातला मोबाइल बंद केला.

"या, तुमचं नाटक उघडा," मी ज्योत्सनाला मोठ्या रुबाबात हाक मारली.

पदराला हात पुसत ती बसली. फाइल उघडली. आणि तिचा हात माउसवरच थांबला.

पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, उलटे स्वल्पविराम, अधूनमधून डॉलर. तीन अंक सगळे तसेच. पानं खाली सरकवली तरी तेच. नाटकातल्या सासूचं नाव म्हणजे दोन कंसांत अडकलेला एक डॉलर झाला होता.

"हे काय होय?" ती हळूच म्हणाली.

"मला वाटतं, याचं इंग्रजीत भाषांतर झालं असावं," मी म्हणालो. काहीतरी बोलणं भाग होतं.

"सर," खेमराजजी दारापर्यंत सरकत म्हणाले, "हे तं कोणं मंतरून ठेवल्यावानी दिसते." आणि ते गेले. पुन्हा घाईत.

ज्योत्सनानं नवी फाइल उघडून टाइप करून पाहिलं. तिची बोटं सवयीनं धावली आणि पडद्यावर भलतंच उमटलं. टायपिंगची परीक्षा पास झालेली ती बोटं. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा भलतंच. मग तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"शुक्रवारी केवळराम येणार आहे नाटक न्याले," ती म्हणाली. "त्या बाया धान कापून येतात अन् साऱ्याजणी मिळून फोन करतात मले. ताई, लिहून झालं का? माझं बोलणं किती आहे? केवळरामच्या चंद्रकांतानं तं नवऱ्याशी भांडून होकार आणला."

"प्रीतमला आणतो," मी म्हणालो आणि चप्पल घालून पळालो. प्रीतमचं शटर बंद होतं. तो सणासाठी बायकोला घेऊन सासुरवाडीला गेला होता.

परत आलो तेव्हा माझ्या मनात एकच भीती होती, की आता रिताला फोन करावा लागणार. फर्स्टक्लास म्हणून झाल्यावर! पण ज्योत्सनानंच तो प्रश्न मिटवला. "कोणाले फोन करू नका. अन् त्या डब्ब्याले हात लावाल तं पाहा. वही आणा, पेन आणा अन् बसा. मी सांगतो, तुमी लिहा."

आमच्याकडं बायाही 'सांगतो' म्हणतात. मी ते 'सांगते' असं सुधारायला गेलो नाही, इतपत अक्कल त्या क्षणी शाबूत होती.

पण सवय जाते कुठं? ती चकल्या तळता तळता, येरझारा घालत बोलत होती आणि मी लिहीत होतो. थोड्या वेळानं तिनं वही ओढून पाहिली.

"हे काय लिहिलं? 'मला सांगा, मी काय करू?'"

"तू 'मले' म्हणालीस, मी शुद्ध करून..."

"माझ्या नाटकातली बाई आसगावची आहे. पुण्यात राहत नाही ती. 'मले' म्हटलं तं 'मले' लिहा."

मी 'मले' लिहिलं. भूगोलाचा शिक्षक असलो तरी शुद्धलेखनाबाबत मी कडक आहे. त्या तीन दिवसांत माझ्या हातून जे जे उमटलं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी मला जाणवलं, की हे जुनं नाटक नाही. जुन्यात एक सून होती, ती पहिल्या अंकापासून रडायची. आता त्यात एक मास्तर शिरला होता.

"मास्तर कोण? आधी नव्हता."

"आता आला. लिहा."

हा मास्तर कुणाकडून तरी फुकट मिळाला म्हणून एक हल्या, म्हणजे रेडा, घरी आणतो. हल्या दिसायला धिप्पाड, पण त्याला या मुलखातली भाषाच समजत नाही. चल म्हटलं की बसतो, बस म्हटलं की चालतो. मास्तर मात्र गावाला सांगत फिरतो, की दोष हल्याचा नसून गावाचा आहे, गावानं हल्याची भाषा शिकावी. मी लिहिता लिहिता इतका हसलो, की पेन ठेवावं लागलं. "अगं, हुबेहूब उतरलाय! असली माणसं असतात. आमच्या स्टाफमध्येच एकदोन आहेत," मी म्हणालो. ज्योत्सनानं चकलीचा घाणा उलटला. उत्साहाच्या भरात मीही मास्तरला चार वाक्यं सुचवली. "मी बोलतो म्हणजे विचार करूनच बोलत असेन" हे वाक्य माझं. तिनं ते लगेच घेतलं. लेखनात माझा असा वाटा असल्याचा मला अभिमान वाटला.

शुक्रवारी केवळराम आला, वही घेऊन गेला.

मंडईच्या दिवशी मी पहिल्या रांगेत, पाहुणा म्हणून, गळ्यात हार घालून बसलो होतो. शेजारी खेमराजजी. उन्हं कलती होती, मांडव बायांनी भरला होता आणि मागं पाळण्याचा कर्कश आवाज. पडदा वर गेला. मास्तर प्रवेश करता झाला. मास्तरचं काम केवळरामची बायको चंद्रकांता करत होती. मिशा काजळाच्या. अंगात मरून रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर, नाकावर खाली घसरलेला चष्मा. तिनं चष्मा काढला, स्वेटरच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, आणि हल्याकडं बघून घसा खाकरला.

मांडवात हशा उसळला.

स्वेटर माझा होता. मी तो दोन दिवसांपासून शोधत होतो.

"सर," खेमराजजी कानाशी आले, "हे तं..."

"नाही," मी म्हणालो.

"पण सर, तो चष्मा पुसणं..."

"पुष्कळ लोक चष्मा पुसतात, खेमराजजी. चष्मा पुसण्याचीच वस्तू आहे."

तेवढ्यात स्टेजवर एक शेजारी आला, त्यानं हल्या लांबूनच पाहिला आणि "मी घाईत आहो" म्हणून पळाला. खेमराजजी खुर्चीत सरळ झाले. त्यानंतर आम्ही दोघंही समोर बघत बसलो.

मग ते वाक्य आलं. "मी बोलतो म्हणजे विचार करूनच बोलत असेन!" चंद्रकांतानं ते असं म्हटलं, छाती काढून, एक भुवई वर करून, की लोक खुर्च्यांवरून घसरले. केवळराम पोट धरून खांबाला टेकला होता. शकुनबाई नातीला घेऊन आली होती. ती मागे वळून लोकांना बोटानं मला दाखवत होती. माझे कान तापले. हार काढून उठावं असा विचार मनात आला, आणि मी अर्धवट उठलोसुद्धा.

तेव्हा विंगेत उभी असलेली ज्योत्सना दिसली. तिच्या दोन्ही मुठी छातीशी होत्या आणि ओठ हलत होते. प्रत्येक वाक्य ती मनात म्हणत होती. हशा आला की ती डोळे मिटायची आणि तो ओसरला की उघडायची. इतक्या वर्षांच्या संसारात हा चेहरा मी पाहिला नव्हता. रिता पहिली आली तेव्हाही नाही. मी हार तसाच राहू दिला. आणि अर्धवट उठलेल्या माणसाला काहीतरी कारण लागतं, म्हणून टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, सर उभं राहून दाद देताहेत. अख्खा मांडव उभा राहिला.

पडदा पडल्यावर बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. त्या रडत होत्या की हसत होत्या ते काजळाच्या मिशांमुळे कळत नव्हतं.

पुढं रिताला सगळं समजलंच. तिनं फोनवर मिनिटभर हसून घेतलं. "बाबा, काहीच गेलं नव्हतं. फक्त आईचा जुना फॉन्ट नव्हता नव्या सिस्टीमवर," असं म्हणून तिनं तो पाठवला. टाकला, आणि जुनं नाटक जसंच्या तसं पडद्यावर उभं राहिलं. कीबोर्डही आईच्या बोटांसारखा करून दिला. ज्योत्सनानं पहिली काही पानं वाचली. "बाप्पा! किती रडून राहिली ही बाई," ती म्हणाली आणि फाइल बंद केली. लिनक्स राहिलं. आता माझ्यापेक्षा तीच त्यावर जास्त बसते.

परवा शकुनबाईच्या वसाहतीतून दोन माणसं आली. त्यांच्या मंडईत हेच नाटक पाहिजे होतं. मी चहा आणून ठेवला.

"बाई," त्यातला एक ज्योत्सनाला म्हणाला, "फक्त एक करा. मास्तरचा रोल थोडा वाढवा. लवकर संपते."

ते गेल्यावर ज्योत्सना कॉम्प्युटरपुढं बसली. बराच वेळ रिकाम्या पानाकडं बघत राहिली. मग माझ्याकडं न वळता म्हणाली, "काही सुचते का जी, मास्तरचं?"

मी ताठ मानेनं सांगितलं, की स्वतःची टिंगल करून घेण्यात मला काडीचा रस नाही, आणि शिक्षकाला समाजात काही मान असतो. एवढं बोलून, मुद्दाम नव्हे, सहज, मी खुर्ची तिच्या जवळ ओढली.

"लिही," मी म्हणालो. "दुसऱ्या अंकात मास्तर हल्याला शाळेत घेऊन जातो. वर्गात घेऊन जातो. आणि सगळ्यात आधी त्याची हजेरी घेतो."

तिची बोटं पळायला लागली.

"हळू," मी म्हणालो, "अजून पुष्कळ आहे."